डिस्चार्जनंतरचा उपचार मराठीत सांगा

हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या आजारावर ॲब्लेशन नावाची प्रक्रिया आता पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत होते. छाती उघडावी लागत नाही. जांघेतल्या शिरेतून बारीक नळ्या हृदयापर्यंत नेतात, काही तासांत काम संपतं आणि रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो. या प्रक्रियेबद्दल जे बोललं आणि छापलं जातं ते इथंच थांबतं. गेल्या वर्षी माझं ॲब्लेशन झालं. डॉक्टर कुशल होते, काम उत्तम झालं, त्यांची मी मनापासून ऋणी आहे. पण बरं होणं म्हणजे काय, हे मला घरी आल्यावर कळायला लागलं, आणि त्या काळाबद्दल मला किंवा माझ्या घरच्यांना उलगडेल असं काहीही कुणी हातात दिलं नव्हतं. घरी गेल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांची माहिती हा उपचाराचाच भाग आहे. ती रुग्णाला त्याच्या भाषेत आणि लेखी मिळाली पाहिजे, एवढंच मला सांगायचं आहे.

मी निवृत्त शिक्षिका. सहकारनगरात राहते. मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात सगळी नोकरी गेली. तळजाईवर सकाळी फिरायला जायची जुनी सवय. तिथल्याच एका चढावर पहिल्यांदा छातीत फडफड झाली, धाप लागली, कठड्यावर बसावं लागलं. नाडीवर बोटं ठेवली तर ठोक्यांना काही मेळच नव्हता. दोन झटपट, एक उशिरा, एक हाताला जेमतेम लागणारा. थोड्या वेळानं सगळं पूर्ववत झालं. पुढं असं वारंवार व्हायला लागलं, पण दवाखान्यात पोचेपर्यंत ईसीजी नॉर्मल यायचा. कुणी म्हणालं पित्त असेल, कुणी म्हणालं दगदग कमी करा. घरच्या बीपी मशीनवर मात्र अनियमित ठोक्याची खूण उमटायची. शेवटी एकदा धडधड चालू असतानाच यजमानांनी मला रिक्षानं जवळच्या दवाखान्यात नेलं आणि ईसीजीच्या पट्टीवर ती सापडली. एट्रियल फिब्रिलेशन.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एक छोटी गाठ असते. ती विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण साठ ते शंभर वेळा विजेची सूचना देते आणि त्या तालावर सगळं हृदय आकुंचन पावतं. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये वरच्या कप्प्यांत मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे सूचना उसळतात. सगळा वर्ग एकाच वेळी उत्तर ओरडू लागला की बाईंना एकही उत्तर धड ऐकू येत नाही, तशी खालच्या कप्प्यांची गत होते. वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, त्यामुळं रक्त साकळतं, डाव्या कप्प्याच्या एका कोपऱ्यात गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात. हा आजार असणाऱ्याला पक्षाघाताचा धोका इतरांच्या साधारण पाचपट असतो. आपल्याकडे लहानपणीच्या संधिवाताच्या तापानं हृदयाची झडप अरुंद झालेल्या माणसांना तर हा आजार ऐन तारुण्यातही गाठतो.

मला आधी गोळ्या दिल्या. त्यांनी काही काळ भागलं, मग झटके वाढले. तेव्हा ॲब्लेशनचा विषय निघाला. १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दो शहरात मिशेल आयसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांच्या हृदयात ही अवेळी सूचना नेमकी कुठून निघते हे शोधलं. त्यांना अशी ६९ ठिकाणं सापडली आणि त्यातली ९४ टक्के ठिकाणं फुप्फुसांकडून डाव्या वरच्या कप्प्यात येणाऱ्या शिरांमध्ये होती. आजचं ॲब्लेशन त्या शोधावर उभं आहे. त्या शिरांच्या तोंडाशी उष्णतेनं किंवा गोठवून एक वर्तुळाकार व्रण तयार करतात. व्रणाच्या पेशींतून वीज पुढं जात नाही, म्हणून शिरेतली गडबड शिरेतच राहते. अलीकडे विजेच्या अतिसूक्ष्म काळाच्या झटक्यांनी हेच काम करण्याची पद्धतही आली आहे.

प्रक्रियेचा दिवस मला स्वच्छ आठवतो. आदल्या दिवशी घशातून नळी घालून इको केला, हृदयात गुठळी नाही ना हे पाहण्यासाठी. दोन्ही जांघा साफ केल्या. कॅथ लॅबमध्ये आधी जाणवला तो गारठा, मग पाठीवर आणि छातीवर चिकटवलेल्या थंडगार पट्ट्या. त्या पट्ट्यांमुळं हृदयाचा त्रिमितीय नकाशा पडद्यावर उमटतो, असं तंत्रज्ञ ताईंनी माझ्या प्रश्नाला थांबून उत्तर दिलं. मग भूल. जाग आली तेव्हा घसा खवखवत होता, उजव्या जांघेत टाका होता आणि पाय अजिबात वाकवायचा नाही अशी सक्त ताकीद होती. उताणं पडून राहण्याचे ते तास प्रक्रियेपेक्षा कठीण गेले. कंबर भरून आली. रात्रपाळीच्या सिस्टर दर थोड्या वेळानं टाका बघून जायच्या, पायाच्या बोटांना हात लावून ऊब तपासायच्या. दुसऱ्या दिवशी टाका काढला, व्हरांड्यात चालवून पाहिलं आणि घरी सोडलं.

सोडताना मिळालेलं कार्ड इंग्रजीत होतं. वर प्रक्रियेचं तांत्रिक वर्णन, खाली गोळ्यांची यादी, शेवटी एक ओळ. ‘अव्हॉइड स्ट्रेन्युअस ॲक्टिव्हिटी’, आणि काही वाटल्यास संपर्क करा. गोळ्या कशा घ्यायच्या ते फार्मसीतल्या मुलानं खुणा करून सांगितलं. माझं इंग्रजी कामापुरतं आहे. यजमानांचं नाही, आणि रात्री माझ्या उशाशी बसणारे तेच होते.

घरी आल्यावर जे घडलं ते बहुतेकांच्या बाबतीत घडतं आणि त्यातलं बरंचसं निरुपद्रवी असतं, हे मला पुढच्या भेटीत कळलं. जांघेतला काळानिळा डाग मांडीवरून खाली उतरत गेला, हिरवा-पिवळा झाला. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना असं होतं. डाग पसरला तरी चालतो, गाठ वाढत गेली, टणक झाली, ठसठसू लागली तर मात्र लगेच दाखवायचं. खोल श्वास घेतला की छातीत टोचायचं. व्रणांमुळं हृदयाच्या आवरणाला आलेली ती सूज काही दिवसांत ओसरते. विश्रांतीतली नाडी पूर्वीपेक्षा जलद झाली. हृदयाचा वेग आवरणाऱ्या मज्जातंतूंच्या गाठी त्याच शिरांच्या आसपास असतात, त्यांनाही चटका बसतो. बहुतेकांची नाडी काही महिन्यांत खाली येते.

आणि एका संध्याकाळी तीच जुनी फडफड परत आली. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. एवढे पैसे घातले, एवढं सोसलं, सगळं वाया गेलं, असंच प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होतं. वास्तविक ताजे व्रण भरत असताना पहिल्या दोन-तीन महिन्यांत असे झटके अनेकांना येतात. डॉक्टर हा काळ निकालात धरत नाहीत. प्रक्रिया यशस्वी झाली की नाही याचा हिशेब त्यानंतर करतात. काहींना दुसऱ्यांदाही ॲब्लेशन करावं लागतं. हे आधी माहीत असतं तर झटका आला असता तरी धीर सुटला नसता. भीतीनं ठोके आणखी वाढतात, हे त्या रात्री मी माझ्याच मनगटावर मोजत होते.

पण माझा आग्रह केवळ धीरासाठी नाही. काही लक्षणं ओळखणं हा जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो. अन्ननलिका डाव्या वरच्या कप्प्याच्या अगदी पाठीमागून, काही मिलिमीटरवरून जाते. उष्णतेनं केलेल्या व्रणाची झळ क्वचित तिला लागते आणि पुढं हृदय व अन्ननलिका यांच्यामध्ये भोक पडू शकतं. ३५ देशांतल्या साडेपाच लाखांहून अधिक रुग्णांची पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. त्यात ही गुंतागुंत १३८ जणांत आढळली. म्हणजे अत्यंत दुर्मीळ. पण ज्यांना झाली त्यांच्यातले निम्म्याहून अधिक दगावले. लक्षणं दिसायला लागली ती सरासरी अडीच आठवड्यांनी, काहींना दोन महिन्यांनी. तोवर रुग्ण कधीच घरी आलेला असतो. ताप येतो, गिळताना दुखतं, छातीत दुखतं, कधी हात-पाय लुळे पडतात. आपल्या घरात ताप आला तर कोण त्याचा संबंध महिन्यापूर्वीच्या हृदयाच्या प्रक्रियेशी लावेल? पावसाळ्यात पुण्यात तापाचा रुग्ण डेंग्यूची तपासणी करायला जातो. गिळताना दुखलं तर एखादे डॉक्टर दुर्बिणीनं तपासू म्हणतील, आणि या अवस्थेत ती दुर्बीण घातक ठरू शकते, कारण तपासणीत भरलेली हवा त्या भोकातून हृदयात आणि तिथून मेंदूत जाऊ शकते. म्हणून ‘ॲब्लेशननंतर दोन महिन्यांत ताप किंवा गिळताना वेदना झाल्यास कुठलीही दुर्बीण तपासणी करण्याआधी आम्हाला फोन करा’ हे वाक्य प्रत्येक रुग्णाच्या घरात, फ्रिजवर चिकटवता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत असायला हवं. ते रुग्णापेक्षाही घरच्यांनी आणि गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांनी वाचायचं आहे.

दुसरी गोष्ट आपल्या घरांची. परदेशी पुस्तिकांचं नुसतं भाषांतर करून भागणार नाही. त्यांत जड पिशव्या उचलू नका असं असतं. आमच्याकडे प्रश्न वेगळे असतात. जांघेतली जखम भरेपर्यंत उकिडवं बसायचं नाही, मग ज्या घरात भारतीय पद्धतीचं शौचालय आहे तिथं काय करायचं? कमोडची खुर्ची भाड्यानं मिळते, ती आधीच आणून ठेवा, हे सांगायला हवं. जमिनीवर मांडी घालून जेवायचं नाही, फरशी बसून पुसायची नाही, पाण्यानं भरलेली बादली किंवा मोठा कुकर उचलायचा नाही. देवघरासमोर बसायचं असेल तर स्टूल घ्या. स्कूटर कधी चालवायची, रिक्षानं स्पीडब्रेकरवरून जाताना जांघेवर हात दाबून धरायचा का, तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर जिना किती सावकाश चढायचा, हे प्रश्न माझ्या शेजारच्या वहिनींनी मला विचारले तेव्हा मला उत्तरं शोधावी लागली. ज्या बाईच्या घरी तीच स्वयंपाक करते, तिला ‘श्रम टाळा’ या शब्दांतून काहीच हाती लागत नाही. तिला कामांची यादी हवी आणि प्रत्येक कामापुढं तारीख हवी. ती यादी तिच्यापेक्षाही घरातल्या माणसांना दाखवण्यासाठी हवी.

तिसरी गोष्ट गोळ्यांची. बरं वाटलं की गोळी बंद करण्याची आपली रीत आहे. ॲब्लेशननंतर रक्त पातळ करणारी गोळी निदान दोन महिने चुकवायचीच नसते, कारण ताज्या व्रणांवर गुठळी होऊ शकते. पुढं ती चालू ठेवायची की नाही हे ठोके सुधारले यावर ठरत नाही, पक्षाघाताचा धोका किती यावर ठरतं. वय ६५ च्या पुढं, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात, अशा गोष्टी त्यात मोजतात. ही गोळी चालू असताना गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन पोटात रक्तस्राव घडवू शकते. दात काढायला जाताना दंतवैद्यांना सांगायचं, पण स्वतःच्या मनानं गोळी थांबवायची नाही. झडपेचा आजार असलेल्यांना बहुधा जुन्या पद्धतीची गोळी देतात. तिच्यासाठी रक्ताची ठरावीक तपासणी करावी लागते आणि पालेभाजी खाण्याचं प्रमाण साधारण एकसारखं ठेवावं लागतं. यातलं एकही वाक्य कठीण नाही. आठवीतलं मूल वाचून आजीला समजावेल इतकी ही माहिती सोपी करता येते. ते काम मी आयुष्यभर केलं आहे, म्हणून खात्रीनं सांगते.

रुग्णाकडेही यातला मोठा वाटा आहे. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड इथल्या डॉक्टरांनी २०१५ साली वजन जास्त असलेल्या ३५५ रुग्णांचा अभ्यास मांडला. ज्यांनी आपलं वजन दहा टक्के किंवा अधिक उतरवलं आणि तसं टिकवलं, त्यांची या आजारातून मोकळं राहण्याची शक्यता इतरांच्या सहापट होती. रक्तदाब, मधुमेह, दारू, झोपेत घोरताना श्वास अडकणं, या प्रत्येकाचा हृदयाच्या वरच्या कप्प्यावर ताण पडतो. व्रण शिरांची गडबड अडवतो, पण कप्पाच ताणत राहिला तर आजार दुसरी वाट शोधतो. मी रात्रीचं जेवण लवकर घ्यायला लागले, रक्तदाबाची वही ठेवली, घोरण्याची तपासणी करून घेतली. हे सगळं मी आनंदानं केलं, कारण त्यामागचं कारण मला समजलं होतं. कारण समजलं की माणूस पथ्य पाळतो. नुसत्या हुकमानं ते फार दिवस टिकत नाही.

यावर काही डॉक्टर म्हणतील, आम्हाला वेळ कुठं आहे? बाह्यरुग्ण विभागातली गर्दी मी पाहिली आहे आणि ही अडचण खरी आहे. म्हणूनच लेखी पत्रक हवं. ते एकदाच लिहायचं असतं. ते समजावून सांगण्याचं काम प्रशिक्षित परिचारिका करू शकते, आणि घरी सोडायच्या दिवशी गाठोडं बांधायच्या घाईत सांगण्याऐवजी दाखल होण्याआधीच, घरच्या माणसाला शेजारी बसवून, करू शकते. दुसरा आक्षेप असा असतो की सगळं सांगितलं तर रुग्ण घाबरतो. माझा अनुभव उलटा आहे. नाव नसलेली वेदना घाबरवते. ‘हे होईल, एवढे दिवस राहील, इथवर ठीक, याच्या पुढं गेलं तर फोन करा’ अशी चौकट मिळाली की माणूस शांत झोपतो. तिसरं म्हणणं, सगळी माहिती मोबाइलवर मिळते. मिळते, पण त्यातली आपल्याला लागू कुठली हे सांगणारं तिथं कुणी नसतं, आणि रात्री दोन वाजता घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसानं ती निवडायची अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

ही मागणी उपकाराची नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत आजार, उपचार, संभाव्य गुंतागुंत यांची माहिती रुग्णाला समजेल अशा पातळीवर आणि त्याला कळणाऱ्या भाषेत मिळण्याचा हक्क नोंदवलेला आहे. महाराष्ट्रानं २०२१ साली शुश्रूषागृहांच्या नियमांत दुरुस्ती करून रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. पुण्यातल्या रुग्णालयांच्या भिंतींवर ती दिसू लागली आहे. भिंतीवरचा तो हक्क रुग्णाच्या पिशवीत घरी जायला हवा. पुण्याच्या रुग्णालयांत भोर, पुरंदर, दौंडपासून माणसं येतात, सोलापूर-साताऱ्याहून येतात. डिस्चार्ज घेऊन एसटीनं गावी परतलेल्या शेतकऱ्याला रात्री जांघेतून रक्त येऊ लागलं, तर पाठ टेकवून, पाय सरळ ठेवून त्या जागी घट्ट दाब द्यायचा आणि १०८ ला फोन करायचा, हे त्याच्या मुलाला माहीत असलं पाहिजे. जनआरोग्य योजनेतल्या रुग्णांसाठी रुग्णालयात आरोग्यमित्र नेमलेले असतात. कागदपत्रांबरोबर हे पत्रकही त्यांच्या हातून दिलं जावं.

ॲब्लेशन ठरलेल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे की संमतीपत्रावर सही करण्याआधी घरच्यांसमोर काही प्रश्न विचारा. पहिल्या आठवड्यात कुठली कामं करायची नाहीत? कुठल्या लक्षणांसाठी वाट न पाहता यायचं? रात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा आणि तो कोण उचलेल? रक्त पातळ करणारी गोळी कधीपर्यंत, आणि ती थांबवायची हे कोण ठरवणार? उत्तरं मराठीत लिहून घ्या.

मी आता पुन्हा तळजाईवर जाते. चढावर थांबून नाडी पाहते, ती एका तालात असते. ही प्रक्रिया चांगली आहे, ज्यांना गरज आहे त्यांनी घाबरू नये, असंच मी ओळखीच्यांना सांगते. रुग्णालयांकडे माझं मागणं छोटं आहे. मोठ्या टाइपातली दोन मराठी पानं, आपल्या घरांतल्या कामांची तारीखवार यादी, धोक्याची लक्षणं वेगळ्या चौकटीत, चोवीस तास उचलला जाणारा एक फोन आणि पहिल्या आठवड्यात परिचारिकेनं आपणहून केलेली चौकशी. काही लाखांचं बिल होणाऱ्या उपचारात याचा खर्च नगण्य आहे. पुण्यातल्या हृदयविकार विभागांनी हे याच वर्षी सुरू करावं, आणि महापालिकेच्या आरोग्य खात्यानं रुग्णालयांची तपासणी करताना हे पत्रक मागून पाहावं.